डोमेन आपल्या नावावर, होस्टिंग गरजेपुरतं

वाचकांचे प्रश्न : ब्लॉग आणि कमाई

प्रश्न : सोयाबीन आणि तुरीच्या लागवडीवर मराठीत ब्लॉग सुरू करायचाय. महिना ९९ रुपयांत ‘अमर्याद’ होस्टिंग आणि वर्षभर डोमेन फुकट, अशी जाहिरात पाहिली. घ्यावं का? — एक शेतकरी, औसा

डोमेन म्हणजे ब्लॉगचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे तो ठेवायची भाड्याची जागा. पैसे भरण्याआधी शेवटच्या पानापर्यंत जाऊन एकूण रक्कम बघा. असा दर बहुतेक वेळा चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. ९९ गुणिले ४८ म्हणजे ४,७५२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आजच ५,६०७ रुपये जाणार. मुदत संपल्यावर दर बदलतो, आणि तो कित्येकदा तिपटीवर जातो. हा ‘रिन्यूअल’चा दर बारीक अक्षरात दिलेला असतो. तुलना करायची ती त्याच दराची. थोडं महाग पडलं तरी पहिल्यांदा एकाच वर्षाचं घ्या. लिहिणं टिकतंय का, ते तेवढ्यात कळतं.

‘अमर्याद’ जागेलाही मर्यादा असते, ती फाइलींच्या संख्येवर. तिला आयनोड मर्यादा म्हणतात. वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर शेंगांचा एक फोटो चढवला की त्याच्या लहानमोठ्या मापांच्या पाच-सात प्रती आपोआप तयार होतात. ५०० फोटो चढवले की तीन हजारांवर फाइली झाल्या. वर ईमेल आणि जुने बॅकअप असतातच. मर्यादा ओलांडली की नवा फोटो चढत नाही. जागा मात्र शिल्लक दिसते, म्हणून दोष कुठे आहे ते उमगत नाही. घेण्याआधी हा आकडा विचारून घ्या. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच टाकू नका. १,२०० पिक्सेल रुंदीवर आणून वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात दीडशे केबीच्या आत बसवा. शेतात उभं राहून वाचणाऱ्याला महागड्या सर्व्हरपेक्षा याचाच उपयोग जास्त होतो. सर्व्हर मुंबईतला मिळत असेल तर तोच निवडा. वाचकाशी जोडणी सुरक्षित करणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, साध्या ब्लॉगला तेवढं पुरतं.

आता डोमेन. ते होस्टिंगसोबत फुकट घेण्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर विकत घ्या. तालुक्यात वेबसाइट बनवून देणारे अनेकदा डोमेन स्वतःच्याच खात्यात ठेवतात. पुढे त्यांच्याशी बिनसलं किंवा त्यांचा फोन लागेना, की वर्षानुवर्षं कमावलेला पत्ता त्यांच्याकडेच अडकतो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण विहीर खोदत नाही, तसंच हे आहे. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला ‘ऑथ कोड’ हा गुप्त कोड लागतो, तो फक्त खातेदाराला मिळतो. नवीन घेतलेलं डॉट कॉम डोमेन पहिले ६० दिवस हलवताही येत नाही.

बॅकअपसाठी होस्टिंगवाल्यावर विसंबू नका. अपड्राफ्टप्लस हे वर्डप्रेसचं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, दर आठवड्याला गूगल ड्राइव्हवर प्रत ठेवतं. ती प्रत एकदा परत चढवून बघा, कारण न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

प्रश्न : माझा पाककृतींचा ब्लॉग ब्लॉगरवर फुकट आहे. कमाईसाठी वर्डप्रेसवर जावंच लागेल का? — एक शिक्षिका, अंबाजोगाई

नाही. ब्लॉगर या गूगलच्या सेवेवरही ॲडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरात सेवा, चालतं आणि होस्टिंगचा खर्च शून्य आहे. फक्त स्वतःचं डोमेन घेऊन जोडा. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये डोमेन टाकलं की दोन सीनेम नोंदी (एक पत्ता दुसऱ्याकडे वळवणाऱ्या ओळी) दिसतात. एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी, ती जीएचएस डॉट गूगल डॉट कॉमकडे जाते. दुसरी तुमची मालकी पडताळण्यासाठी. दोन्ही डोमेनवाल्याच्या डीएनएस (पत्त्याच्या नोंदींच्या) पानावर जशाच्या तशा भरा, मग एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) सुरू करा. जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर येणारे वाचक आपोआप नव्यावर येतात. पुढे कधी वर्डप्रेसवर जावंसं वाटलं तरी पत्ता तोच राहील.

प्रश्न : ॲडसेन्समध्ये १० डॉलर झाले, पण पिनचं पत्र गावात पोचत नाही. पुढचे पैसे बँकेत कसे येतील? — एक वाचक, वसमत

तुमचा पत्ता खरा आहे का हे तपासायला गूगल पिन, म्हणजे आकडी कोड, पाठवतं. हे पत्र साध्या टपालाने येतं, त्याचा माग काढता येत नाही. यायला दोन ते चार आठवडे लागतात. पत्ता इंग्रजीत आणि पोस्टमनला कळेल असा लिहा : घराची खूण, गाव, टपाल कचेरीचं नाव, तालुका, पिनकोड. आपल्या भागात एकाच नावाची दोन-दोन गावं असतात, म्हणून टपाल कचेरीचं नाव गाळू नका. शाखा डाकघरात आधीच सांगून ठेवलेलं बरं. तालुक्याच्या गावी नात्यातलं कोणी राहत असेल आणि तिथे तुमचं टपाल नीट मिळत असेल, तर तो पत्ता द्या. पत्र आलंच नाही तर नवा पिन मागवता येतो, आणि तेही फसलं की ओळखपत्र देऊन पडताळणीचा मार्ग उघडतो. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत हे आटोपलं नाही, तर जाहिराती थांबतात.

पैसे १०० डॉलर जमल्यावरच सुटतात. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पक्की होते आणि साधारण २१ ते २६ तारखेदरम्यान पाठवली जाते. खातं राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत ठेवा. पतसंस्थेचं खातं इथे चालत नाही. लहान शाखेला बहुधा परदेशी पैशांसाठी लागणारा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. परदेशी रक्कम कोणत्या शाखेमार्फत येते ते शाखेत विचारा आणि त्या शाखेचा कोड भरा. आयएफएससी कोड म्हणजे स्विफ्ट नव्हे. ही गल्लत फार होते आणि रक्कम परत जाते. ॲडसेन्समधलं नाव खात्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. पहिल्या वेळी बँक पैसे कशाचे, असं विचारते. जाहिरातीचं उत्पन्न असं लिहून द्या.

प्रश्न : मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आम्ही एकमेकांच्या जाहिरातींवर क्लिक करतो. काही अडचण? — एक विद्यार्थी, लातूर

आजच थांबवा. असे क्लिक ओळखले जातात, जमलेली रक्कम कापली जाते आणि खातं बंद होऊ शकतं. एकदा बंद झालं की दुसऱ्या नावाने उघडायची पळवाटही टिकत नाही.

प्रश्न : जुने लेख श्रीलिपीत टाइप केलेले आहेत, ब्लॉगवर टाकले तर भलतीच अक्षरं दिसतात. — एक वाचक, नांदेड

ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्या आणि नंतर एकदा डोळ्याखालून घाला. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. आणखी एक जपा. लेखाचा पत्ता, म्हणजे लिंकचा शेवटचा भाग, देवनागरीत ठेवला, तर वर्डप्रेसमध्ये प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, नऊ चिन्हांचं होतं आणि मर्यादा २०० चिन्हांची आहे. म्हणजे जेमतेम २२ अक्षर-मात्रा मावतात, पुढचं कापलं जातं. व्हॉट्सॲपवर पाठवताना तोच पत्ता टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतो. मथळा मराठीतच ठेवा, पत्ता मात्र चार-पाच शब्दांचा रोमन लिपीत द्या, आणि लेख प्रकाशित करण्याआधी द्या.

प्रश्न : जाहिरातींतून फारच कमी मिळतं. दुसरा मार्ग कोणता? — रोपवाटिकाचालक, जालना

हिशेब आधी मांडा. समजा हजार वाचनांमागे ५० रुपये पडतात, तर महिन्याला दहा हजार वाचनांचे ५०० रुपये झाले. तेवढे पैसे ठिबक सिंचनाचा एक स्थानिक विक्रेता महिन्याच्या एका जाहिरात-पट्टीसाठी देऊ शकतो, कारण तुमचे वाचक त्याच्याच पंचक्रोशीतले आहेत. दर महिन्याला किती जणांनी पट्टी पाहिली आणि किती जणांनी त्याचा नंबर दाबला, हे त्याला कागदावर द्या. त्याच आकड्यांवर तो पुढच्या महिन्याचे पैसे देईल. तुमचीच केसर आंब्याची कलमं असतील तर उत्तम. लागवडीचं अंतर, खड्ड्याचं माप, छाटणी यांवर नीट लिहा आणि खाली नोंदणीचा नंबर द्या. पेरणी मृगात होते, पण बियाण्याची शोधाशोध मे महिन्यातच सुरू होते, म्हणून खरिपाचे लेख एप्रिलमध्येच तयार हवेत. गूगलला ते सापडायलाही वेळ लागतो.

पैसे घेऊन लिहिलेला मजकूर किंवा कमिशनची लिंक असेल, तर वर ठळक ‘जाहिरात’ लिहा. कीटकनाशकाचं प्रमाण मात्र विक्रेत्याच्या शब्दावर छापू नका. डब्यावरचं लेबल आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस पाहूनच लिहा. तुमच्या एका चुकीच्या आकड्याने कुणाचं तरी उभं पीक जळेल. मिळालेली रक्कम कितीही लहान असो, प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवा. कमाई व्यवसायाची म्हणून दाखवली की डोमेन आणि होस्टिंगचा खर्च त्यातून वजा करता येतो, तेव्हा त्या पावत्या वर्षभर एका फोल्डरमध्ये ठेवा.