शिक्षा संपूनही आपले मच्छीमार पाकिस्तानात का अडकून पडतात? सरकार नेमक्या काय वाटाघाटी करतं?

माझा धाकटा भाऊ कराचीच्या मलीर तुरुंगात सव्वादोन वर्षं होता, म्हणून लिहिते.

आम्ही डहाणूकडचे. पाऊस ओसरायला लागला की आमच्याकडची पोरं ओखा, पोरबंदर, मांगरोळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. आधी शेठची उचल घ्यायची आणि मग आठ महिने दर्यावर काढून ती फेडायची. फेब्रुवारी २०२१ मध्ये भावाची बोट धरली. तिसऱ्या दिवशी शेठचा फोन आला, "बोट गेली." पोरांचं त्यानंतर बोलला.

पहिलं पत्र यायला सात महिने लागले, आणि तेही गुजराती लिपीत. बराकीत लिहिता येणारा माणूस वेरावळकडचा होता. मी अडखळत वाचत होते आणि वहिनी मध्येच, "पुन्हा वाचा" म्हणत होती. त्यात त्याने विचारलं होतं, यंदा चिकू कसा लागला?

आता तुमचा प्रश्न. वाटाघाटी म्हटलं की लोकांना मंत्री टेबलाभोवती बसलेले दिसतात. प्रत्यक्षात मे २००८ चा करार आहे. त्याप्रमाणे दोन्ही देश १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पक्कं झालं की महिन्याभरात सोडायचं. कागदावर एवढं सरळ आहे. अडतं ते 'राष्ट्रीयत्व पक्कं झालं' या तीन शब्दांत, कारण ते पक्कं करायचं असतं आपल्याकडून, माणसाच्या गावातून.

भावाने तिकडे नाव सांगितलं बाळू. घरात सगळे तेच म्हणतात. रेशनकार्डावर वेगळं, आधारवर तिसरंच. पोलीस चौकशीला आले तेव्हा त्या नावाचा माणूस गावाच्या कुठल्याच यादीत सापडेना. फोटो मागितला, तर घरात एकच होता, लग्नातला, मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलेला. तोच कापून दिला. पुढे एका कार्यालयात ती फाईल चार महिने दिसेनाशी झाली. मी सहा खेपा घातल्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "वर पाठवलीय." वर विचारलं तर आलेलीच नाही. ते चार महिने पाकिस्तानने नाही खाल्ले, आपण खाल्ले. हे कुणाला आवडो न आवडो, मी असंच म्हणणार.

कागद पूर्ण झाले की मग दोन देशांची मर्जी लागते. मे २०२३ मध्ये एकदम १९८ जण वाघ्यावरून आले, त्यात तो होता. जूनमध्ये आणखी २००. मेच्या सुरुवातीलाच पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला येऊन गेले होते. मी या दोन्हींचा संबंध जोडते. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये वाघ्यासमोरचा, आपल्या बाजूचा अटारीचा नाकाच बंद झाला, आणि जुलैच्या यादीत आपले १९३ मच्छीमार तिकडेच होते. पूर्वी दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची. २०१३ नंतर तेही थांबलं. ती समिती आधी सुरू करा, बाकीचं मागाहून.

भाऊ आला त्या दिवशी अंगणात आमचे मामा म्हणाले, "आता तरी शिकला असशील, हद्द ओलांडू नये." अहो, कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक या खाडीच्या पुढची समुद्रातली हद्द दोन देशांनी अजून ठरवलेली नाही. पाण्यावर कुंपण नसतं. जीपीएस तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या हातात. जाळं ओढणाऱ्या पोराला रात्री दोन वाजता बोट कुठे आहे हे कोण सांगतं? आणि त्या बोटीवर पोरं पाठवली कुणी? मामांनीच. उचलीच्या कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले, पण एकाच्याही आधारची झेरॉक्स ठेवली नाही. ती असती तर ते चार महिने आणि माझ्या त्या खेपा वाचल्या असत्या. तुमच्या घरातलं कुणी बोटीवर जात असेल, तर बोटीचा नंबर, शेठचा फोन, कागदांवरचं एकच नाव आणि चेहरा नीट दिसेल असा फोटो घरी ठेवाच.

हे सगळं मच्छीमारांपुरतं. हेरगिरीचा किंवा दुसरा गंभीर आरोप असलेल्यांचं प्रकरण वेगळं असतं, त्यात मी बोलणार नाही. आणि त्याच जुलैच्या यादीत पाकिस्तानचेही ८१ मच्छीमार आपल्या तुरुंगांत होते. त्यांनाही कुणाचं तरी पत्र जात असेल.

यंदा ऑगस्टमध्ये पोरं निघाली तेव्हा मी एसटीच्या थांब्यावर उभी राहून सोळा जणांच्या आधारचे फोटो मोबाईलवर काढून घेतले आणि घरी काय हाक मारतात तेही प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवलं. मामा समोरच्या टपरीवर बसून बघत होते. शेवटच्या पोराला त्यांनीच हात धरून माझ्याकडे पाठवलं.