चाळणीत काय उरतं ते बघ

"मावशी, माझं वय 32. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, शाळेत शिकवते. मागच्या वर्षी मला आतड्याचा टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. डॉक्टर म्हणाले, टीबी बरा झाला, पण जखम भरताना लहान आतडं शेवटच्या टोकाला आकसलंय. स्ट्रिक्चर म्हणतात त्याला. 'चोथा कमी खा,' एवढं सांगून एक कागद दिला. त्यावर ब्रेड, पास्ता, सूप असलं काहीबाही. आमच्या घरात ते कोण करणार? सासूबाई मनापासून करतात. 'पचायला हलकं' म्हणून ज्वारीच्या लाह्या, मोडाच्या मुगाची उसळ, मोसंबी सोलून हातात देतात. पोट साफ व्हावं म्हणून रात्री इसबगोलही देतात. गेल्या महिन्यात दोनदा रात्री पोटात कळा आल्या, उलटी झाली. सकाळी ओसरलं म्हणून कुणाला बोलले नाही. आता भीतीने पेज आणि दहीभात एवढंच खाते. वजन 49 वरून 42 वर आलंय. गौरी तोंडावर आल्यात. सोळा भाज्या, पुरण, सगळं होणार आणि प्रसादाला नाही म्हटलेलं सासूबाईंना चालत नाही. नणंद म्हणते, हिचे नखरे वाढलेत. मी काय खाऊ?"

अगं, आधी त्या दोन रात्रींबद्दल बोलू, ताटाचं मग बघू. कळा, उलटी, सकाळी आराम: आकसलेल्या जागी काहीतरी अडकलं आणि सुदैवाने पुढे सरकलं, असंच दिसतंय. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवायची नाही. पथ्य पाळून हे आपोआप सुटेल असंही धरून बसू नकोस. गौरीच्या आधी, याच आठवड्यात जाऊन ये. ती जागा अजून सुजलेली आहे की व्रण घट्ट होऊन बसलाय, हे त्यांना तपासावं लागेल. सूज असेल तर औषधाला वाव असतो. घट्ट व्रण गोळ्यांनी सैल होत नाही. त्याची लांबी थोडी असेल आणि दुर्बीण तिथवर पोचत असेल, तर फुगा घालून ती जागा रुंद करता येते. नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनचं नाव काढताच घाबरू नकोस. वर्षभर पेजेवर राहून खंगण्यापेक्षा कित्येकांना ते सोपं गेलंय.

पुन्हा कधी पोट टम्म फुगलं, कळा लाटांसारख्या येत राहिल्या, उलट्या थांबेनात आणि संडास सोड, साधा गॅसही सरेना, तर तोंडाने काहीही न घेता थेट हॉस्पिटल गाठायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. एरंडेल नाही, चूर्ण नाही, पोट चोळणं नाही. आणि ते इसबगोल आजच बंद कर. एका वाटीत पाणी घेऊन त्यात चमचाभर घाल आणि दहा मिनिटांनी बघ. वाटी तिरकी केलीस तरी पटकन सांडणार नाही असा गोळा झालेला असतो. चांगल्या आतड्याला तो उपयोगी पडतो, तुझ्या आतड्याला नाही. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांकडूनच औषध घे. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनही आणू नकोस. त्या गोळ्या लहान आतड्याला जखमा करू शकतात.

आता मूळ प्रश्न. तुझ्या घरात दोन गोष्टींची गल्लत होतेय आणि ती बहुतेक मराठी घरांत होते. 'पचायला हलकं' वेगळं आणि 'अरुंद जागेतून जाणारं' वेगळं. आजाऱ्याला द्यायच्या आपल्या ठरलेल्या गोष्टी आठव: लाह्या, मोसंबी, डाळिंबाचे दाणे, भिजवलेल्या मनुका, अंजीर, मोडाचे मूग. तापातून उठलेल्या माणसाला उत्तम. पण या सगळ्यांत साल आहे, बी आहे नाहीतर धागा आहे आणि तुझी अडचण नेमकी तीच आहे. उलट आपण 'जड' म्हणून बाजूला सारतो ती अंडी, दही, चक्का तुझ्यासाठी सोयीचे.

असं का? लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं आणि तुझी आकसलेली जागा त्याच्या अगदी शेवटी आहे. तिथवर पोचेपर्यंत भात, अंडं, मासा, दही यांचं पातळ रसायन झालेलं असतं. भाजीची साल, शेंगेचा दोरा, मक्याच्या दाण्याचं टरफल हे मात्र जसंच्या तसं तिथे येतं, कारण ते विरघळवणारं पाचक द्रव्य माणसाच्या पोटात तयारच होत नाही. निरोगी आतड्याची आतली रुंदी अडीच-तीन सेंटीमीटर असते, तिथून हा चोथा सहज पुढे जातो. जिथे वाट बोटाएवढी किंवा पेनाएवढी उरलीय, तिथे तो साठतो, एकमेकांत गुंततो आणि त्याची गाठ बनते. मोसंबी-संत्र्याच्या फोडींचा पांढरा चिवट पापुद्रा यात फार वाईट. सासूबाईंनी प्रेमाने सोलून दिलेली मोसंबी तुला त्या रात्री भोवली असणं अगदी शक्य आहे. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारा जुनाट आजार. त्याचंही आतडं त्याच ठिकाणी आकसलेलं. एका पौषात मित्रांच्या शेतावर हुरड्याला गेला. तिखट टाळलं, तेलकट टाळलं, स्वतःवर खूश होता. गरम हुरडा मात्र मूठ-मूठ खाल्ला, वर बोरं आणि उसाची दोन कांडी. रात्री अकराला त्याला गाडीत घातलं तेव्हा तो गुडघे पोटाशी घेऊन आडवा पडला होता. नाकातून नळी, सलाईन, चार दिवस तोंडाला पाणी नाही. ऑपरेशन टळलं तेवढं नशीब. तिखटाने त्याचं काही बिघडलं नसतं. ताजी कोवळी ज्वारीच महागात पडली.

तेव्हापासून आमच्या आईने एक पद्धत लावून घेतली. शिजवलेला पदार्थ पिठाच्या चाळणीवर घ्यायचा, पळीच्या पाठीने दाबायचा आणि चाळणीत काय उरतं ते बघायचं. साल काढलेला दुधी ओघळून खाली गेला, वर जवळजवळ काही नाही. लाल भोपळा तसाच. टोमॅटो दाबला तर गुंडाळलेल्या साली आणि बिया वर. गवारीचा नुसता दोऱ्यांचा पुंजका. पालकाच्या देठांच्या हिरव्या काड्या. चाळणी म्हणजे काही वैद्यकीय तपासणी नव्हे, पण सासूबाईंना डॉक्टरांच्या कागदापेक्षा ती लवकर कळेल. एकदा त्यांच्यासमोरच कर. गवारीचा तो पुंजका दाखव आणि म्हण, "आई, माझ्या पोटात हे असं अडकतं."

रोजच्या जेवणात भात बिनधास्त, थोडा मऊ. मुगाच्या पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरण, तुरीचंही सोसेल तसं, चांगलं शिजवून गाळून. चपातीचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा काढ. तांदळाची भाकरी, घावन, इडली चालेल. ज्वारी-बाजरीची भाकरी मात्र सध्या बाजूला ठेव. सातारकरणीला हे जड जाणार, कल्पना आहे. नाचणी हवी तर सत्त्व कर: भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलेलं. फडक्यात राहिलेला चोंथा टाकून दे. दुधी, लाल भोपळा, साल-शिरा आणि बिया काढलेला कोवळा दोडका, सोललेला बटाटा, गाजर मऊ शिजवून घोटून. फळं अगदीच सोडू नकोस. पिकलेलं केळं, पपई, धागे नसलेल्या आंब्याचा गाळलेला रस, सालीशिवाय शिजवलेलं सफरचंद यातलं थोडं थोडं घे. मोसंबी आवडते तर रस काढून गाळून पी. अंडं रोज. मटण चिवट असेल तर नुसता रस्सा, मासा काटे नीट काढून. दूध पिऊन पोट फुगत असेल तर दही, ताक.

शेवग्याच्या शेंगा, गवार, मका, मेथी-शेपूच्या काड्या, कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्यं, ओलं-सुकं खोबरं, अख्खे शेंगदाणे, पेरू, सीताफळ, अननस, आळिंबी, डिंकाच्या लाडवातलं खोबरं-खारीक, हे सगळं डॉक्टर पुढचं सांगेपर्यंत नाही म्हणजे नाही. फोडणीतला कढीपत्ता वेचून काढ. आणि चाव. शाळेच्या मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा उरकत असशील तर ते थांबव. केळंसुद्धा गिळायचं नाही. ताट एकदाच भरून घेण्यापेक्षा दिवसातून सहा वेळा वाटी-वाटी खा आणि पाणी भरपूर पी.

हे पथ्य जन्मभराचं आहे असंही धरू नकोस. ती जागा रुंद झाली की यातलं बरंच परत येतं. भाऊ आता भाकरी खातो.

सात किलो वजन घटलंय, याची मला जास्त काळजी वाटते. पेजेने अडकत नाही हे खरं, पण पेजेने अंगही भरत नाही. वरणभातावर तूप घाल, दोन अंडी कर, दह्याचं पाणी काढून चक्का खा, भोपळ्याच्या सारात साय घाल. बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घे. बी-12 शरीरात शोषलं जातं ते आतड्याच्या याच टोकाला, त्यामुळे ते कमी पडणं स्वाभाविक आहे. आतड्याच्या टीबीचं नाव काढून घरात कुणी तुझं ताट-वाटी वेगळी ठेवत असेल तर तेही बंद व्हायला हवं. टीबी असा एका ताटात जेवून लागत नाही, फुफ्फुसात असला तर तो खोकल्यातून हवेवाटे पसरतो, आणि तुझा तर बराही झालाय.

आता गौरी. सोळा भाज्यांची मिसळ तू खाऊ नकोस, एक घाससुद्धा. तिच्यात काय काय आहे हे करणारीलाही सांगता येत नाही. पण नैवेद्याच्या पानात तुझ्यापुरतं भरपूर असतं. वरणभात, तूप, लिंबू पिळून. कढी, गाळून. लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, त्यात दाण्याचं कूट न घालता. तीर्थाचं पंचामृत. श्रीखंड, बासुंदी असेल तर चारोळी-बदाम काढून. पुरण यंत्रातून दोनदा काढलेलं असेल तर पोळीचा चतकोर, सावकाश चावून, तोही पोट शांत असेल तर. अळूचं फतफतं आवडत असेल तर दाणे, हरभऱ्याची डाळ आणि खोबऱ्याचे काप घालायच्या आधी तुझ्यासाठी दोन पळ्या वेगळं काढायला सांग, पानांचे देठ सोललेले हवेत, आणि पुन्हा एकदा चांगलं घोट. तेही चार चमचेच. उकडीचा मोदक असेल तर सारण दुसऱ्याला, उकड तुला.

सासूबाईंना आदल्या दिवशीच सांग, पंगतीत पान मांडल्यावर नाही. चार बायकांसमोर नकार दिला की त्यांना तो अपमान वाटणार. स्वयंपाकघरात दोघीच असताना सांगितलंस तर त्या स्वतःच तुझं पान वाढतील आणि नणंदेलाही गप्प करतील. आजारपणात मोसंबी सोलून हातात देणारी बाई आहे ती. तिला फक्त काय सोलायचं ते कळायला हवं.

दवाखान्यात जाताना त्या दोन रात्रींच्या तारखा आणि त्या दिवशी सकाळपासून काय काय खाल्लं होतंस ते वहीत लिहून ने. सासूबाईंनाही सोबत घेऊन जा आणि इसबगोलचं डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू दे.

— मावशी