कुर्ल्यांना दुखतं का, आणि मग त्या माराव्या कशा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नववीतल्या मुलीने जिवंत खेकडे उकळत्या पाण्यात टाकण्याचा व्हिडिओ बघितला, तेव्हापासून कुर्ल्या केल्या की ती ताटावरून उठते, घरचे म्हणतात त्यांना कुठे काय कळतं, आणि तुम्हाला खरं काय ते हवंय आणि कुर्ल्या सोडायच्याही नाहीयेत. आमचं घर खाडीकाठचं, कुर्ल्या साफ करतच मोठा झालो, आणि या विषयावर जे मिळेल ते वाचत आलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एक सांगतो. उकळत्या पाण्याचा वाद मूळ तिकडचा, युरोप-अमेरिकेतला, अख्खा लॉबस्टर भांड्यात सोडतात त्यावरून पेटलेला. आपल्याकडे अख्खी जिवंत कुर्ली उकळणारे थोडे. आपण काय करतो? आधी नांगे मोडायचे म्हणजे चावायची भीती नको, मग बारके पाय, मग पाठीचं कवच ओढून काढायचं, मग मधून दोन तुकडे, आणि यातलं बरंचसं होईपर्यंत ती जिवंतच असते. बाजारात मावशी "साफ करून देऊ?" विचारते तेव्हाही हाच क्रम. त्यामुळे व्हिडिओतलं आपल्या घरात होत नाही म्हणून सुटलो असं काही नाही. माझं म्हणणं एवढंच की कुर्ल्या खुशाल खा, फक्त क्रम उलटा करा. आधी मारा, मग मोडा.

आता दुखतं का. नुसती तडफड बघून हे ठरत नाही. आपला हात गरम तव्याला लागला तर हात आधी मागे येतो, दुखणं मागाहून कळतं, आणि शंका घेणाऱ्यांचं म्हणणं असं की खेकड्यात फक्त तो हात मागे घेण्याचा भाग आहे, पुढचं कळणं नाही. शंका चुकीची नाही, अजूनही काही शास्त्रज्ञ तेच म्हणतात. पण बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले रॉबर्ट एलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासायला एकामागून एक प्रयोग केले. 2007 मध्ये कोळंबीच्या एका मिशीला ऍसिटिक ऍसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावलं तर ती नेमकी तीच मिशी चोळत बसली, टाकीला घासत राहिली, आणि बधिर करणारं औषध आधी लावलं तर ते कमी झालं. 2009 मध्ये दुसऱ्याच्या शंखात राहणारे खेकडे घेतले, शंखात विजेचा बारीक झटका दिला. ज्यांना आवडत्या जातीचा शंख मिळाला होता ते घर सोडायला तयार होईनात, ज्यांचा शंख तसाही नावडता ते लवकर बाहेर पडले. म्हणजे झटका किती सोसायचा हे घर किती चांगलं आहे त्यावर ठरत होतं. नुसता रिफ्लेक्स, म्हणजे तव्यावरून हात आपोआप मागे येण्यासारखी हालचाल, असला हिशोब करत नाही. मग 2013 मध्ये किनाऱ्यावरच्या खेकड्यांना दोन अंधाऱ्या खोपी दिल्या, एकीत झटका बसायचा, आणि दोनदा झटका खाल्ल्यावर बहुतेकांनी खोपी बदलली.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास मात्र वेगळाच आहे, आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. संकटात सापडली की कुर्ली स्वतःच पाय टाकते हे तुम्ही बघितलं असेलच. त्यासाठी पायाच्या बुडाशी ठरलेली जागा असते, तिथूनच तो सुटतो आणि जखम लगेच बंद होते. माणूस नांगा पिरगाळून ओढतो तेव्हा तुटण्याची जागा ती राहत नाही, आतलं मांस फाटतं, जखम मोठी होते. ब्रिटनकडच्या मोठ्या खेकड्यांवर 2007 मध्येच हे तपासलं, हाताने नांगा तोडलेल्या खेकड्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि मेलेही ते जास्त. म्हणजे आपल्या ओट्यावर जी पहिली पायरी आहे तीच वाईट निघाली.

उकळत्या पाण्याचंही सांगून टाकतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च यांच्या गटाने 300 हून जास्त अभ्यास चाळून नोव्हेंबर 2021 मध्ये अहवाल दिला, त्यावरून 2022 च्या ब्रिटिश कायद्यात खेकडे, लॉबस्टर, कोळंबी आणि माकुल-ऑक्टोपस हे सगळे 'संवेदना असलेले प्राणी' म्हणून आले. (लगेच उकळायला बंदी झाली असं नाही, सरकारने धोरण ठरवताना त्यांचा विचार करायचा एवढंच.) स्वित्झर्लंडने मात्र 1 मार्च 2018 पासून बेशुद्ध न करता उकळायला सरळ मनाई केली. आपला 1960 चा प्राणी क्रूरता कायदा माणूस सोडून कुठल्याही जिवंत जीवाला प्राणी म्हणतो, खाण्यासाठी मारायची सूट देतो, पण विनाकारण वेदना द्यायची नाही ही अट ठेवून. कुर्लीसाठी कोणी पोलिसांत जाणार नाही ते सोडा. आणि भांड्यातून चीं-चीं येते ती किंकाळी नाही हो, कवचातली वाफ असते, कुर्लीला आवाज काढायला गळाच नाही. तेवढं मुलीला नक्की सांगा.

आता कृती. ही खाडीच्या काळ्या, सुतळीने बांधून मिळणाऱ्या कुर्ल्यांची, कारण जिवंत मिळतात त्या मुख्यतः याच. समुद्रातल्या ठिपक्यांच्या आणि निळ्या बहुतेक बर्फात मेलेल्याच येतात, तिथे फक्त ताजेपणा बघा. काळी मात्र जिवंतच घ्या, मेलेली कुर्ली फार लवकर खराब होते. मावशीला सांगायचं, मोडू नका, बांधलेलीच द्या. पोटाखाली बाहेर अंडी धरलेली मादी परत करा, आतून लाखेने (न घातलेल्या अंड्यांनी) भरलेली वेगळी आणि ही वेगळी.

घरी सुतळी सोडायची नाही, शेवटपर्यंत. मोठ्या टोपात किंवा बादलीत तीन वाटे फोडलेला बर्फ आणि एक वाटा खारं पाणी घ्यायचं, मीठ लिटरला 35 ग्रॅम, अंदाजे नको, वजनकाटा असेल तर मोजाच. गोडं पाणी वापरलं तर खाऱ्या पाण्यातल्या जीवाला त्याचाच वेगळा त्रास. फ्रिजच्या दोन ट्रेंनी काही होत नाही, मासळीवाल्याकडूनच बर्फ आणा. त्यात कुर्ली पूर्ण बुडवायची, किमान 20 मिनिटं, मोठी असेल तर अर्धा तास. थंड समुद्रातल्या खेकड्यांना या बर्फाने खरंच बधिरता येते का यावर वाद आहे, पण आपल्या कुर्ल्या गरम पाण्यातल्या, त्या लवकर गारठतात. ऑस्ट्रेलियात याच जातकुळीतला खेकडा खातात आणि तिथल्या प्राणिकल्याणवाल्यांची शिफारस साधारण हीच आहे.

गारठलेली म्हणजे मेलेली नव्हे, बाहेर ठेवली तर ती परत हलायला लागेल. म्हणून आधी खात्री करायची. डोळ्याला बोट लावून बघा, आत ओढून घेते का. पोटाखालची झडप (नराची अरुंद टोकदार, मादीची रुंद गोल) उचलून बघा, दाबून धरते का. उचलल्यावर पाय लोंबले पाहिजेत. यातलं एक जरी चुकलं तरी परत बर्फात.

मग उताणी ठेवायची. झडप उघडली की तिच्याखाली मधोमध एक बारीक खळगी दिसते, तिच्या आत खेकड्याचं मोठं मज्जाकेंद्र. जाड टोच्या किंवा स्वच्छ स्क्रूड्रायव्हर तिथे जवळपास उभा धरून दाबायचा, पलीकडचं पाठीचं कवच लागेपर्यंत, आणि आत जरा फिरवायचा. लगेच दुसरा टोचा पुढून, तोंडाच्या वर डोळ्यांच्या मधे खोलगट जागा असते तिथे, कारण मेंदू म्हणावा असा दुसरा गोळा तिकडे आहे. एकच टोचून थांबू नका, दोन केंद्रं म्हणजे दोन्ही. दहा सेकंदांत उरकतं. मग सुतळी कापा आणि नेहमीसारखे नांगे, पाय, कवच, जे काय ते. लगेच शिजवायला घ्या. पाय गळणं कमी होतं हा वरचा फायदा, जिवंत कुर्ली गरमात गेली की पाय टाकते आणि मग रश्श्यात पाय एकीकडे धड एकीकडे. टोचायला हात धजत नसेल तर गारठवून, खात्री करून, जड सुऱ्याने मधोमध एका घावात दोन भाग करा, तेही चालेल, कोयता असला तर आणखी सोपं.

घाटावरच्या लोकांसाठी, नदीचे-शेतातले खेकडे गोड्या पाण्यातले, त्यांच्या बर्फात मीठ नको. ते कुटून रस काढतात त्याला माझा आक्षेप नाही, अख्खा खेकडा एका दणक्यात गेला तर त्यापेक्षा झटपट मरण नाही. आक्षेप पाय उपटून बाजूला ठेवण्याला आहे. शेवंड, म्हणजे आपल्याकडचा लॉबस्टर, जिवंत मिळाली तर गारठवणं तसंच, पण टोचून भागत नाही, तिची मज्जाकेंद्रं डोक्यापासून शेपटीपर्यंत माळेने असतात, म्हणून उभी चिरायची, डोक्यापासून सुरुवात. कोळंबी बाजारात येते तेव्हा मेलेलीच असते, तिथे तुमच्या ओट्यावर करण्यासारखं काही उरत नाही. (हॅचरीत, म्हणजे कोळंबीची पिल्लं काढतात तिथे, मात्र मादीने लवकर अंडी द्यावीत म्हणून तिचा एक डोळा देठासकट चिरडतात, अंडी रोखणारं संप्रेरक त्या देठात असतं. मला विचाराल तर उकळण्यापेक्षा त्याच्यावर जास्त बोललं पाहिजे.)

राहिले शिंपल्यांतले जीव, तिसऱ्या, कालवं, शिणाणे. यांना मेंदू नाही, थोडेसे मज्जातंतूंचे गोळे इकडे-तिकडे, दुखणं जाणवतं असं म्हणायला खेकड्यासारखा पुरावा नाही. मी त्यांचं काही मनाला लावून घेत नाही, आणि मुलगी कुर्ल्यांना अजून नाहीच म्हणाली तर तिला ताटाला बसवायची सक्ती करू नका, तिच्यासाठी तिसऱ्यांचं एकशिपी करा. खाऱ्या पाण्यात वाळू टाकेपर्यंत ठेवा, उघड्या राहिलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या आधीच काढून टाका. बाकीच्या झाकण घालून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं, आणि वाफेतही ज्या उघडल्या नाहीत त्या फेकून द्या.