'रिंगफोर्ट'ला किल्ला म्हणू नये

आयर्लंडवरचा मजकूर मराठीत आणताना 'रिंगफोर्ट'ला (तिथल्या गोल बांधाच्या जुन्या वस्तीला) 'वर्तुळाकार किल्ला' आणि त्यातल्या 'सूतरेन'ला (जमिनीखालच्या बांधकामाला) 'भुयारी मार्ग' म्हणावं का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही शब्द दिशाभूल करतात.

किल्ला म्हटलं की बुरूज, शिबंदी, किल्लेदार आलेच. रिंगफोर्ट बहुतांशी शेतकऱ्यांची घरं होती. मुख्यतः इ.स. ६०० ते ९०० या काळातली, संख्येनं ४० हजारांच्या वर. गोल खंदक खणायचा, त्याच मातीचा आतून बांध घालायचा. मधल्या साधारण ३० मीटर व्यासाच्या जागेत घर. संपत्ती मोजायची ती गायींत, त्यामुळे गुरं पळवायला धाडी पडत आणि बांधाचा उपयोग होई. तिथल्या सुखवस्तू शेतकऱ्याला 'बोआरे' म्हणत. त्यातला 'बो' आणि संस्कृत 'गो' एकाच मुळाचे!

'गढी' जवळची वाटते, पण ती पाटील-देशमुखांची. मी 'तटबंद वाडा' म्हणेन. वाडा माणसांचा असतो तसा गुरांचाही असतो, आणि इथे नेमकं तेच हवं आहे. आयरिशमध्ये मातीच्या बांधाचा तो 'राथ', आतली मोकळी जागा 'लिस', दगडी असेल तर 'कॅशल'. हा शेवटचा लॅटिन 'कास्तेल्लुम'वरून आलेला.

आता सूतरेन. फ्रेंचमध्ये अर्थ सरळ 'जमिनीखालचं'. बाजूंना चुन्याशिवाय रचलेले दगड, वर आडव्या शिळा, मध्येच इतका अरुंद घसा की पोटावर सरपटावं लागतं. धाडीच्या वेळी लपायला आणि एरवी दूधदुभतं थंड ठेवायला हे बांधकाम कामी येई. 'भुयारी मार्ग' म्हटलं की वाचक दुसरं तोंड शोधू लागतो. यातली कितीतरी आतल्या खोलीत संपतात. म्हणून नुसतं 'भुयार' म्हणावं. 'तळघर' नको, तळघरात कोणी सरपटत जात नाही.

आयरिश लोक भुयार आणि नैसर्गिक गुहा दोन्हींना एकच शब्द वापरतात. रॉसकॉमन परगण्यातल्या राथक्रोहनच्या 'ओवेनागॅट'मध्ये, म्हणजे 'मांजरांच्या गुहे'त, तर दोन्ही एकमेकांना जोडलेलीच आहेत: आधी बांधीव भुयार, पुढे नैसर्गिक गुहा. तोंडाशी छताला लावलेल्या एका जुन्या शिळेच्या कडेवर ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या खाचा आहेत: 'मेवचा मुलगा फ्रेख याचा'. अशा ठिकाणी 'भुयार आणि गुहा' असं सुटं लिहावं.

गावांची नावं मात्र भाषांतरित करू नका. रॅथमाइन्स, लिसमोर, कॅशल तशीच राहू द्या.