नेमकं कुठे अडलं?

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. वर्गात ४२ मुलं आहेत. स्वाध्याय दिला की दोन मिनिटांत माझ्या टेबलाभोवती गर्दी होते. ‘बाई, पुढे काय करू?’ ‘बाई, हे बरोबर आहे का?’ स्वतःहून डोकं चालवायला कोणी तयार नाही. वैयक्तिक लक्ष द्या, गटात शिकू द्या, असं प्रशिक्षणात ऐकलं. पण एका तासात इतक्या मुलांना वैयक्तिक शिकवायचं कसं? आणि मुलांवर सोडलं तर अभ्यासक्रम पुरा कधी होणार?
– एक शिक्षिका

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझंच टेबल दिसलं. कितीतरी वर्षं मीही वही पुढे आली की चूक दाखवायची, दुरुस्त करून द्यायची आणि पुढची वही घ्यायची. यात मुलांच्या वाटणीचं एक काम मीच रोज उरकत होते, ते म्हणजे चूक शोधण्याचं. मग ती माझ्याकडे येणार नाहीत तर कुठे जाणार?

माझे डोळे एका मुलाने उघडले. ०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला त्याने ०.३५ असं उत्तर लिहिलं होतं. मी तीनदा समजावलं, चौथ्यांदाही तेच. शेवटी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘मला वाचून दाखव.’ त्याने वाचलं, ‘शून्य पूर्णांक पस्तीस, शून्य पूर्णांक चार. पस्तीसच मोठे ना, बाई?’ तो जे वाचत होता त्यावरून त्याचं बरोबरच होतं! मी दशांशाचं आणि शतांशाचं घर आखून दिलं आणि गप्प बसले. त्याने आकडे घरात भरले, ०.४ पुढच्या रिकाम्या घराकडे बराच वेळ बघत राहिला, मग तिथे शून्य लिहिलं. ‘हे तर चाळीस शतांश झाले.’ आणि न सांगता मागचं पान उलटून आणखी दोन उत्तरं खोडली.

त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी सहज तिला ०.३ आणि ०.४५ विचारलं. ती म्हणाली, ०.३ मोठं, कारण शतांश दशांशापेक्षा लहान असतात. म्हणजे पहिलं उत्तर बरोबर आलं होतं ते चुकीच्या कारणाने. ही दोन्ही अडखळणं जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडतात. तुम्हीही उद्या विचारून पाहा.

वैयक्तिक शिकवणं म्हणजे ४२ वेगवेगळे पाठ नव्हेत. कोण कुठे अडलंय हे कळणं, आणि हळूहळू ते त्याचं त्यालाच कळायला लागणं, एवढाच मी त्याचा अर्थ घेते. म्हणून माझ्या वर्गात एक नियम केला. टेबलाशी येण्याआधी वहीत एक ओळ लिहायची: ‘इथपर्यंत कळलं, इथे अडलं.’ मग ती शेजाऱ्याला वाचून दाखवायची. तरीही सुटलं नाही तर माझ्याकडे. सुरुवातीला सगळे लिहितात, ‘काहीच कळलं नाही.’ अशा वेळी चिडू नका. ‘गणित मोठ्याने वाच, आणि ज्या शब्दापर्यंत कळलं त्यावर बोट ठेव,’ एवढंच म्हणा. बोट ठेवताना निम्म्या मुलांना आपली अडचण आपोआप दिसते. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम शेजारी करतो, कारण कालच अडखळून सावरलेल्या मुलाला नेमका कुठला दगड लागतो ते आठवत असतं.

मुलांवर सोडायचं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही, हेही सांगते. १९७६ मध्ये डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि मोठ्यांची मदत कशी होते ते पाहिलं. अशा मदतीला त्यांनी शब्द वापरला तो बांधकामाच्या परांचीचा. परांची आधी पक्की बांधावी लागते, आणि काम वर चढलं की उतरवावी लागते. आपल्यापैकी काही जण ती बांधतच नाहीत, आणि काही जण, मी त्यांतली, ती उतरवत नाहीत. घर आखून देणं ही माझी परांची होती. पुढच्या आठवड्यात मी घर आखलं नाही, नुसतं विचारलं, ‘मागे काय आखलं होतं?’ त्यानंतर तेही विचारलं नाही.

अभ्यासक्रम पहिल्या महिन्यात मागे पडेल, हे खरं आहे. माझाही पडला. आठवड्यातल्या एकाच तासापासून सुरुवात करा. टेबलाभोवतीची गर्दी ओसरली की तो वेळ परत मिळतो.

प्रश्न : माझी मुलगी ‘पाहून शिकणारी’ आहे असं एका चाचणीत निघालं. तिला फक्त चित्रं आणि व्हिडिओंतूनच शिकवावं का?
– एक पालक

उत्तर : नाही. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा ‘पाहून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’ अशा शैलीनुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा सापडला नाही. नकाशा सगळ्यांनीच पाहायचा असतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकायची असते. त्यापेक्षा धडा वाचल्यावर तिला पुस्तक मिटायला सांगा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहू द्या. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून त्या कागदावरच्या मोकळ्या जागा पाहून तिला रागावू नका. काय पुन्हा वाचायचं ते तिला त्यांवरूनच कळणार आहे.

प्रश्न : गटकार्यात सगळं काम मीच करते. बाकीचे नुसतं नाव लावतात आणि गुण सगळ्यांना सारखे. बाईंना सांगितलं तर चुगली वाटेल.
– एक विद्यार्थिनी, नववी

उत्तर : तुझी तक्रार रास्त आहे, आणि चूक तुझ्या मैत्रिणींपेक्षा कामाच्या आखणीची जास्त आहे. जे काम एकटीने पुरं होतं, ते एकटीवरच पडतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं प्रथमच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तेढ होती. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. ज्यांच्याकडे सारखा तुकडा होता ती मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करत, मग आपापल्या गटात परत जाऊन इतरांना शिकवत. परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची. त्यामुळे कोणाचंही बोलणं कानाआड करून चालेना.

पुढच्या प्रकल्पाआधी, नावं न घेता, बाईंना एवढंच विचार : ‘आम्ही विषयाचे चार भाग करून वाटून घेऊ का? आणि कोणत्या भागावर कोण बोलणार, ते तुम्ही आयत्या वेळी ठरवाल का?’ आपल्या वाट्याला कुठला भाग येईल हे माहीत नसलं की चौघींनाही चारही भाग समजून घ्यावे लागतात. तू तुझा भाग समजावताना समोरची नुसती मान हलवत असेल, तर तिला म्हण, ‘आता तू मला सांग.’ ती अडखळेल तेव्हा लगेच वाक्य पुरं करू नकोस. थोडं थांब. तुझ्यासारख्या मुलीला हे थांबणंच सगळ्यात जड जाईल, मला माहीत आहे.