एकाच दिवशी दोन मॅच असतील तर मधल्या वेळेत मुलांना काय खायला-प्यायला द्यावं?

तुमची मुलगी 14 वर्षांची, वजन 45 किलो. बास्केटबॉलची पहिली मॅच 10 वाजता संपते, दुसरी 1 वाजता सुरू होते, आणि दुसरीत तिचे पाय उचलत नाहीत. तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते हे की डबा 12 वाजता उघडतो. तोच 10 वाजता उघडायला हवा.

मी इंदूरमध्ये शाळेच्या संघांबरोबर मैदानावर असतो, म्हणून ठामपणे सांगतो. पहिल्या मॅचमध्ये स्नायूंतलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, बरंच खर्च होतं आणि खेळ थांबल्याबरोबर ते सगळ्यांत वेगानं भरून येतं. मधला वेळ थोडा असेल तर वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण 1 ग्रॅम कर्बोदकं लागतात. म्हणजे तिला तासाला 45 ग्रॅमच्या आसपास. कोर्टवरून उतरल्यावर लगेच एक केळं आणि गूळ लावलेली पोळीची गुंडाळी दिली की एवढं होतं. 11 च्या सुमारास थोडा दहीभात किंवा पोहे. पोहे आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, लिंबू पिळून छानच, फक्त शेव आणि जलेबी नको. कचोरीही नको. तेल-तूप पोटातून हळू पुढे सरकतं आणि 1 वाजता ती भरल्या पोटानं धावते. बाराच्या पुढे भूक लागलीच तर दोन खजूर, बास.

पिण्याचं मात्र नीट मोजा. पहिल्या मॅचच्या आधी आणि नंतर तिचं वजन करा. अर्धा किलो कमी झालं असेल तर 600 ते 750 मिली पाणी परत जायला हवं, तेही घोटाघोटानं. एकदम लिटरभर साधं पाणी ढोसणं चुकीचं, घामातून मीठही गेलेलं असतं. घरचं लिंबू सरबत करा: 1 लिटर पाणी, 4 मोठे सपाट चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ, एक लिंबू. साखर याहून जास्त घालू नका, दाट गोड पाणी पोटात रेंगाळतं. बाटलीतल्या फळांच्या रसाचं तेच, द्यायचाच तर निम्मं पाणी घालून. आणि छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीतली शिकंजी अजिबात नको. ती आपल्याकडे दुधाची, दाट, सुक्यामेव्याची असते, ती सगळं संपल्यावर संध्याकाळी.

ओआरएसच्या पुडीबद्दल विचारलंय. ऊन फार असेल, कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग दिसत असतील तर जरूर द्या, पण एक लिटरची पुडी पूर्ण एका लिटरमध्येच घाला. तिच्यात ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं, त्यामुळे ती खाण्याची जागा घेत नाही.

चक्कर, उलटी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर दुसरी मॅच सोडून द्या, सावलीत अंग गार करा आणि डॉक्टरकडे न्या.

हे सगळं आधी एखाद्या सरावाच्या दिवशी देऊन बघा. काहींना केळं मानवत नाही, काहींना दही.