पावसाळ्यात पुण्याहून मालवणला चौघांसाठी भाड्याने कोणती सेल्फ ड्राइव्ह गाडी घ्यावी?

आधी नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळेलही, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

चौघं आणि सामान म्हटल्यावर कॉम्पॅक्ट एसयूव्ही बरी. सात सीटरच्या मोहात पडू नका, तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन पिशव्या मावतात.

ताब्यात घेताना टायरच्या खाचेत बोट घाला. आत आडवी उंचवट्याची पट्टी असते; रबर झिजून तिला टेकलं असेल तर खाच 1.6 मिमीच उरली, ओल्या रस्त्यावर गाडी घसरणार. दुसरी मागा. स्टेपनीत हवा आहे ना, जॅक-पाना आहे ना, तेही बघा (स्टेपनी हमखास बसलेली असते). वायपर पाणी मारून चालवा. ओरखडे, किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ मालकासमोरच काढा, नाहीतर डिपॉझिट परत मिळताना वाद ठरलेला.

फास्टॅगचा रिचार्ज कोणाकडे, दिवसाला किती किलोमीटर, हे लेखी घ्या.

घाट उतरताना दुसरा गिअर. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत.